पहिल्या पावलाचं वेळापत्रक

बाळाने कितव्या महिन्यात बसावं, कधी रांगावं, कधी चालावं याचं सविस्तर वेळापत्रक मांडलं ते येल विद्यापीठातल्या अर्नोल्ड गेझेल यांनी, १९२० आणि ३०च्या दशकांत. बाळांच्या हालचालींचं चित्रीकरण करून ते बारकाईने तपासत. त्यांच्या चिकाटीला तोड नव्हती. पण ती बाळं न्यू हेवन या एकाच शहरातल्या गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतली होती. शरीर आतून पिकत जातं, संगोपनाने त्यात फारसा फरक पडत नाही, असं गेझेल यांचं मत. पुढे त्या शहराचं वेळापत्रक जगभरच्या बाळांना लागू झालं.

१९४० मध्ये वेन आणि मार्सेना डेनिस यांनी अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिले काही महिने फळीला बांधून ठेवलेली बाळंही न बांधलेल्या बाळांच्याच सुमारास चालत होती. गेझेल यांना दुजोराच मिळाला.

मग १९५७ मध्ये मार्सेल गेबर यांनी युगांडातली बाळं युरोपातल्या बाळांच्या पुढे असल्याचं लिहिलं, आणि काहींनी त्याचं कारण वंशात शोधलं. मला ते आजही खटकतं. त्या बाळांना कोण उचलतं, कसं बसवतं, दिवसभर कुठे ठेवतं, हे आधी पाहायला हवं होतं.

ते पाहिलं चार्ल्स सुपर यांनी, केनियातल्या किप्सिगिस शेतकऱ्यांच्या गावात. १९७६ चा त्यांचा लेख या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिथली बाळं अमेरिकन बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसत आणि चालत, पण रांगण्यात मात्र पुढे नव्हती. रक्तातच काही असतं, तर सगळंच लवकर यायला हवं होतं. आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवत. जमिनीत खळगा करून, भोवती कापडाचा आधार देऊन बसवत. रांगायला कोणी शिकवत नव्हतं. सुपर यांनी आसपासच्या इतर समाजांतही चौकशी केली. जिथे रांगणं शिकवत, तिथे बाळं लवकर रांगत.

आपल्याकडे तेल लावून हातपाय ताणणारी आजी आणि अंगणातला पांगुळगाडा होताच. बाळाला हाताळण्याची प्रत्येक घराची रीत असते आणि बाळाचं शरीर तिला उत्तर देतं.

१९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या बाळांच्या वाढीचा अभ्यास केला. भारतातली बाळं दक्षिण दिल्लीतली होती. स्तनपान आणि नीट काळजी मिळाली, तर सहाही देशांत बाळांची लांबी जवळपास सारखीच वाढते, असं दिसलं. म्हणजे आपली मुलं मुळातच ठेंगणी, हे समाधान खोटं ठरलं. या अभ्यासातली हालचालींची नोंद पाच देशांतली. तिने एका तारखेऐवजी मुभा दिली: आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत केव्हाही. सुमारे चार टक्के बाळं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही बाळाच्या विकासाच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं वगळलं. दहाव्या महिन्यात न रांगणाऱ्या पण बाकी चपळ बाळाच्या आईला दूषणं देण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. दीड वर्ष उलटूनही बाळ चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि डॉक्टरांनीही तपासताना विचारावं, बाळ दिवसभर कुठे असतं? कडेवर, झोळीत की जमिनीवर?