बंदुकीच्या नळीतले आटे

झरी जामणीकडच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आली की पाखरे राखायला गोफण बाहेर निघते. तुमच्यापैकी ज्यांनी ती फिरवली असेल त्यांना ठाऊक आहे, की दगड जातो जोरात, पण नेमका ठरवल्या जागी क्वचितच पडतो. याच भागातला जुना तीरकमठा पाहा. बाणाच्या शेपटीला पिसे बांधलेली असतात. बाण वाकडा होऊ लागला की हवा पिसांना ढकलते आणि त्याचे तोंड पुन्हा पुढे येते. म्हणजे वेग देणे ही एक गोष्ट आणि दिशा राखणे ही अगदी निराळी गोष्ट. बंदुकीने पहिली गोष्ट लवकर साधली. दुसरी साधायला माणसाला काही शतके लागली.

पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याचे पायदळ ज्या बंदुकांनी लढले, किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर जी ‘ब्राउन बेस’ असे, त्या बंदुका आतून गुळगुळीत नळीच्या होत्या. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची. ठासणे सोपे जावे म्हणून गोळी नळीपेक्षा लहान ठेवत. ब्राउन बेसच्या नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, तर गोळीचा साडेसतरा. बार उडाला की ही सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येई, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याप्रमाणे ती कशीही गरगरत जाई. शंभर पावलांच्या पलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. म्हणून तर त्या काळी शिपाई खांद्याला खांदा लावून रांगेने उभे राहत आणि एकदम बार काढत.

ही गोळी भलतीकडे का जाते, याचा नीट शोध घेणारा माणूस म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. गोळीचा वेग मोजण्यासाठी वापरलेला त्याचा लंबक तुम्हाला पुढे महाविद्यालयात भेटेल. जड लाकडी लंबकात गोळी घुसवायची, लंबक किती झुलला ते पाहायचे आणि संवेगाच्या अक्षय्यतेवरून वेग काढायचा. त्याचे पुस्तक १७४२ साली निघाले. त्याचा दुसरा प्रयोग मला अधिक आवडतो. त्याने एका बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली आणि समोर ठराविक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी निघाली डावीकडे, पण पुढच्या पडद्यांवरची भोके सांगू लागली की ती हळूहळू उजवीकडे वळत आहे! वाकलेल्या नळीत उजव्या भिंतीला घासल्यामुळे तिला त्या बाजूची गिरकी मिळाली होती आणि हवेने तिला तिकडे ओढले. क्रिकेटमधला फिरकी चेंडू हवेत वळतो तो याच कारणाने. हा रॉबिन्स पुढे कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. त्याचा निष्कर्ष असा, की गिरकी टाळता येत नसेल तर ती आपल्याला हवी तशी द्यावी. गोळी तिच्या जाण्याच्या दिशेभोवतीच फिरली, तर एका बाजूला ओढली जाण्याचे कारण उरत नाही.

यासाठी नळीत स्क्रूसारखे आटे पाडावे लागतात. अशा आटे पाडलेल्या बंदुकीलाच रायफल म्हणतात. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, कारण फिरणाऱ्या वस्तूचा आस सहजासहजी कलत नाही. लांबट गोळीच्या टोकावर हवेचा दाब पडून ती उलटू पाहते. गिरकी तिला उलटू देत नाही. आटे तसे जुनेच होते. जर्मनीतल्या कारागिरांना ते पंधराव्या शतकाच्या शेवटीच ठाऊक होते. अडचण होती भरण्याची. आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडातून ठोकत ठोकत आत न्यायला फार वेळ लागे. शिकाऱ्याला ते चाले, शिपायाला कसे चालावे?

ती अडचण १८४९ साली फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या गोळीने सुटली. गोळी लांबट, नळीत सैलच जाणारी, पण बुडाशी पोकळ. बार झाला की दारूच्या वायूंनी तिचे बूड फुगे आणि शिसे आट्यांत घट्ट बसे. इंग्रजांनी याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड रायफल केली. तिच्या काडतुसाचा कागद चरबीने माखलेला असे आणि तो दाताने फाडावा लागे. पुढची कथा तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली आहेच.

त्या पुस्तकात बहुधा नसते ते सांगतो. १८५७ चा उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींसाठी नवी बंदूक काढली. ‘१८५८ नमुना’ हे तिचे नाव. बाहेरून ती हुबेहूब एनफिल्ड, पण नळी आतून गुळगुळीत! दारू तीच, शिपाई तोच. फक्त आटे काढून घेतले. विज्ञानाचा एक शोध माणसांच्या एका गटाला द्यायचा आणि दुसऱ्याला नाकारायचा, याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे माहीत नाही. पुढेही बरीच वर्षे हिंदी पलटणीच्या हाती गोऱ्या पलटणीपेक्षा एक पिढी जुनी बंदूक असे. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला खरा, पण बंदूक कोणती असावी हे ठरत होते लंडनमध्ये.

१८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने बिनधुराची दारू बनवली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. त्याबरोबर नळी बारीक झाली. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून जुन्या माणसांना माहीत असलेली ली-एनफिल्ड घ्या. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, गोळी ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला ७४४ मीटर. नळीतला आटा २५.४ सेंटिमीटरमध्ये एक फेरा घेतो. भागाकार करा: गोळी सेकंदाला सुमारे २,९०० फेरे घेत बाहेर पडते. तुमच्या वर्गातला पंखा जोरात फिरला तरी सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो. गोळी नळीत असते फक्त सेकंदाचा सुमारे सहाशेवा भाग, आणि तेवढ्यात तिच्यावर सरासरी ५ क्विंटल वजनाइतका रेटा पडतो. कापसाचे गाठोडे उचलणाऱ्यांना ५ क्विंटल म्हणजे काय ते सांगायला नको.

आता कार्बाइनकडे वळू. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची हलकी रायफल. मूळची ती घोडेस्वारासाठी, कारण घोड्यावर बसून लांब नळी आवरत नाही. पण नळी आखूड केली की वायूंना गोळी ढकलायला अंतर कमी मिळते. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर; म्हणून वेग घटतो. वजन कमी केले की दणका वाढतो. १९४४ साली इंग्रजांनी जंगलातल्या लढाईसाठी ‘थ्री नॉट थ्री’ची नळी पाच-सहा इंच कापून ‘जंगल कार्बाइन’ केली. वजन सुमारे ४ किलोवरून ३.२ किलोवर आले. गोळीचा संवेग ०.०११३ × ७४४ = ८.४. तोच संवेग बंदुकीला उलट दिशेने मिळतो. ४ किलोची बंदूक २.१ मीटर वेगाने खांद्यावर येते, ३.२ किलोची २.६ मीटरने. ऊर्जा काढली तर ८.८ ज्यूलच्या जागी ११ ज्यूल. (कार्बाइनच्या गोळीचा किंचित घटलेला वेग आणि वायूंचा संवेग दोन्ही सोडले आहेत.) शिवाय न जळलेले वायू तोंडाशी भडकत, म्हणून तिथे नरसाळे बसवावे लागले. शिपायांना ती फारशी आवडली नाही यात नवल नाही.

मोठी गोळी तशीच ठेवून बंदूक लहान करता येत नाही, हा तिचा धडा. मग काडतूसच लहान करा! अमेरिकेची एम-वन कार्बाइन, जर्मनांची १९४४ ची रायफल, कालाश्निकोव्हची १९४७ ची, या साऱ्या त्या वाटेने गेल्या. बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आतच होतात, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखवले होते. मग किलोमीटरभर मारा करणाऱ्या दारूचे ओझे कशाला?

आपल्या देशात हे गणित पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रसंशोधन संस्थेत, ‘एआरडीई’त, मांडले गेले. १९६२ च्या युद्धात आपले जवान ‘थ्री नॉट थ्री’चा बोल्ट दर गोळीला हाताने ओढत होते, ही बोच होतीच. १९८० च्या दशकात तिथे ‘इन्सास’ रायफलचे काम सुरू झाले आणि १९९० च्या दशकात ती सैन्यात आली. गोळी ५.५६ मिलिमीटरची, ४ ग्रॅम, वेग सेकंदाला ९०० मीटर. संवेग ३.६, दणक्याची ऊर्जा जेमतेम दीड ज्यूल. काडतुसाचे वजन आधीच्या ७.६२ च्या निम्मे, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे. ही काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनतात. १८५८ साली काढून घेतलेले आटे आपल्याच आराखड्याने पडू लागले, असे म्हणायला हरकत नाही.

पण नुसता अभिमान बाळगून बंदूक चालत नाही. १९९९ साली कारगिलच्या थंडीत इन्सासच्या प्लास्टिकच्या गोळीपेट्यांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते, हे नववीच्या मुलालाही सांगता येईल; ते बर्फात जाऊन कळण्याआधी प्रयोगशाळेत कळायला हवे होते. पाषाणच्याच संस्थेने पुढे ५.५६ ची पण आखूड काडतुसाची कार्बाइन केली. वजन सुमारे ३ किलो, पल्ला शंभर मीटरच्या थोडा पुढे. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या चाचण्या पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दरम्यान सैन्य पुन्हा मोठ्या गोळीकडे वळले आहे. २०१९ पासून ७.६२ मिलिमीटरच्या रायफली घेतल्या जात आहेत आणि उत्तर प्रदेशातील कोरवा येथे एके-२०३ बनते. लहान गोळी दूरवर हवी तेवढी परिणामकारक ठरत नाही, असे सैनिकांचे म्हणणे.

कोणाचे खरे? एके-२०३ ची गोळी सुमारे ८ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ७१५ मीटर धरा. तिचा संवेग आणि गतिज ऊर्जा काढा, इन्सासच्या आकड्यांशेजारी ठेवा, आणि शिपायाने प्रत्येकी शंभर काडतुसे न्यायची असतील तर तुम्ही कोणती निवडाल ते आपल्या शिक्षकांशी वाद घालून ठरवा.