रुळांची रुंदी आणि लहरींची लांबी

ग्वाल्हेरच्या किला गेट भागात राहणाऱ्यांस गडाची सावली दोन प्रकारची असते. एक उन्हाची. दुपार कलली की सूर्य लवकरच कड्याआड जातो. दुसरी सावली डोळ्यांना दिसत नाही. ती बिनतारी लहरींची. मनोरा गडाच्या पलीकडे असला, की अलीकडच्या अरुंद गल्ल्यांत भ्रमणध्वनी अडखळू लागतो. लेकीचा पुण्याहून वा नातवाचा परदेशातून आलेला आवाज मध्येच तुटतो आणि घरातील वडील मंडळी फोन घेऊन गच्चीवर धावतात. या दुसऱ्या सावलीचे शास्त्र समजून घेतले, तर सध्या जगभर चाललेल्या एका मोठ्या खटाटोपाचे मर्म ध्यानी येईल.

लहर जितकी लांब, तितकी ती अडथळ्याला वळसा घालून पलीकडे पोहोचण्यास समर्थ. जुन्या भ्रमणध्वनीच्या नऊशे मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या, म्हणजे 'फाइव्ह-जी'च्या, मुख्य पट्ट्यातील लहर जेमतेम नऊ सेंटिमीटरची. पुढील 'सिक्स-जी'साठी ज्या पट्ट्यांचा विचार चालू आहे, त्यांपैकी सात गिगाहर्ट्‌झच्या आसपासची लहर चार सेंटिमीटरांच्या घरात येते. वरच्या पट्ट्यांत जागा ऐसपैस असल्याने मजकूर पुष्कळ वाहून नेता येतो. पण भिंत, झाड, डोंगर यांपुढे आखूड लहर लवकर हार खाते. म्हणून मनोरे अधिक लागतात, आणि मनोरे अधिक म्हणजे खर्चही अधिक.

मग प्रत्येक देशाने आपापल्या सोयीचे पट्टे व आपापली यंत्रे का ठरवू नयेत? याचे उत्तर ग्वाल्हेरकरांस सांगावयास नको. आमची दोन फूट रुंदीची नॅरोगेज गाडी २०२० पर्यंत श्योपूरला जात असे. गाडी गुणाची, परंतु तिचा डबा साडेपाच फुटी रुळांवर कसा चढावा? श्योपूरकडून आलेला माल ग्वाल्हेरीत उतरवायचा आणि पुन्हा दुसऱ्या गाडीत भरायचा, हाच तिचा धर्म. रुळांची रुंदी जुळली नाही, तर प्रवास तिथेच थांबतो. लहरींचेही तसेच आहे.

हे शहाणपण जगास फार पूर्वी सुचले. तारायंत्राच्या काळात, १८६५ साली, पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन झाला. १८६९ पासून भारत त्याचा सभासद आहे. तोच संघ आज जिनिव्हाहून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ या नावाने कार्य करतो. कोणता पट्टा कोणत्या कामी लावावयाचा, हे त्याच्या परिषदांत ठरते. सहाव्या पिढीची चौकट नोव्हेंबर २०२३ मध्ये दुबई येथे संमत झाली. पट्ट्यांचा प्रश्न २०२७ च्या शांघाय परिषदेपुढे येणार आहे. यंत्रांच्या तपशिलाचे नियम मात्र 'थ्री-जी-पी-पी' नावाची मंडळी लिहितात. तीत युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि भारत येथील मिळून सात संस्था एकत्र बसतात.

या पंगतीत आपण केवळ जेवावयास बसतो की वाढपातही आपला हात असतो, हा खरा प्रश्न होय. पाचव्या पिढीच्या वेळचा प्रसंग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ग्रामीण भागाच्या कसोटीसाठी जगाने दोन मनोऱ्यांतील अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर धरले होते. भारतीय तज्ज्ञांनी म्हटले, आमच्या खेड्यांना हे परवडणारे नाही. ग्रामपंचायतीपाशी एक मनोरा असावा आणि त्याने भोवतालच्या वाड्यावस्त्या सांभाळाव्यात; सबब सहा किलोमीटरचीही कसोटी हवी. २०१७ साली जागतिक संघाने ती मान्य केली. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील खेड्यांत स्वस्त बिनतारी जाळ्याचे प्रयोग केले, त्यांमागेही हीच तळमळ होती.

पुढे भारताने 'फाइव्ह-जी-आय' हे स्वतःचे तंत्र मांडले व जागतिक संघाने त्यास मान्यताही दिली. तेव्हा देशातच वाद उठला. वेगळे तंत्र म्हणजे वेगळी यंत्रे, महाग फोन आणि पुन्हा तीच नॅरोगेज, असा व्यवसायातील अनेकांचा आक्षेप. स्वाभिमान सोडावा काय, असा प्रतिपक्षाचा सवाल. अखेर ते तंत्र जगाच्या सामायिक नियमांत विलीन करण्यात आले. आमच्या मते हा पराभव नव्हे. आपली गरज सर्वांच्या ग्रंथात लिहवून घेणे, हे वेगळा ग्रंथ लिहिण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

आता पुढची पायरी. मार्च २०२३ मध्ये भारताने आपला सिक्स-जी आराखडा जाहीर केला. जुलैमध्ये 'भारत सिक्स-जी अलायन्स' स्थापन झाली आणि अमेरिका व युरोपातील तशाच संस्थांशी तिचे करार झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रमाणीकरणाची जागतिक सभा नवी दिल्लीत भरली. सहाव्या पिढीच्या पेटंटांपैकी दहा टक्के भारतीयांची असावीत, अशी आकांक्षाही बोलून दाखवण्यात आली आहे. परंतु आकाश निरभ्र नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेसह दहा देशांनी सहाव्या पिढीची आपली तत्त्वे स्वतंत्रपणे जाहीर केली. त्या दहांत चीन नाही आणि भारतही नाही. उद्या जगाचे दोन तट पडून दोन प्रकारचे रूळ टाकले गेले, तर ज्यांची मुले दोन्ही बाजूंना विखुरली आहेत, अशा आपल्यासारख्या कुटुंबांनी काय करावे?

किला गेटवरून गडाकडे चढताना चतुर्भुज मंदिर लागते. तेथील इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्य कोरलेले आहे. आज सारे संदेश शून्य आणि एक यांच्याच रूपाने धावतात. ते शून्य आपले होते म्हणून थोर ठरले नाही. सर्वांनी एकाच रीतीने लिहावयाचे मान्य केले, म्हणून ते जगाच्या उपयोगी पडले. आपल्या घरांतून अभियंते पुष्कळ निघतात. नोकरीच्या पगाराबरोबरच, जेथे हे नियम लिहिले जातात त्या रुक्ष, कंटाळवाण्या बैठकांतही त्यांनी चिकाटीने बसावे, असे आम्हांस मनापासून वाटते. गडाच्या सावलीत राहणाऱ्याची अडचण तेथे कोणीतरी मांडावी लागते. ती आपोआप कोणास सुचत नाही.