लक्ष होतंच, माया शिकायची होती

सोलापूरला एकाग्रता बाहेरून कुणी शिकवावी लागली नाही. जेकार्डच्या मागावर धागा तुटला आणि लक्ष नसलं, तर चादरीची नक्षी बिघडते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई शेजारणीशी बोलत असते, पण बोटांवरचं तिचं भान सुटत नाही, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते आणि खराब विडी बाजूला काढली जाते. या शहराला अवघड गेलं ते वेगळंच: थकलेल्या, चुकलेल्या, हरलेल्या स्वतःशी नीट वागणं. गेल्या पन्नासेक वर्षांत मनाची निगा राखण्याच्या ज्या रीती महाराष्ट्रात आल्या, त्यांच्याकडे सोलापुरातून मागे वळून पाहिलं की हा फरक लख्ख दिसतो.

तसा या गावाचा मूळपुरुषच योगी. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव बांधला, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. शरण परंपरेतली कथा सांगते, की लोकोपयोगी कामात गढून गेलेल्या या माणसाला शरण संत अल्लमप्रभूंनी अडवलं आणि बाहेर चाललेल्या बांधकामावरून त्याची नजर आत वळवली. दर संक्रांतीला नंदीध्वज खांद्यावर घेऊन लाखोंचं गाव सिद्धेश्वराच्या यात्रेत उतरतं. पण कष्टकरी सोलापूरनं त्या कथेतला पहिला भागच उचलला. काम करत राहायचं, आतलं आत ठेवायचं.

१८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. लोक तिला पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या आणि शहराचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. मग एकेक गिरणी थांबत गेली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिलही बंद पडली, तेव्हा हजारो घरांची मिळकत गेली. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, भांडवलाची चणचण अशी कारणं होती. त्यातलं एकही कामगाराच्या हातात नव्हतं. तरी घरी बसलेल्या माणसाला ‘आपणच कमी पडलो’ असं वाटत राहिलं. एकाच वेळी एकाच कारणानं हजारोंवर आलेलं संकट प्रत्येकानं स्वतःची खासगी नामुष्की म्हणून गिळलं. ‘काय होतंय बे, गप बस’ हेच त्या काळचं सांत्वन आणि हाच त्या काळचा उपचार.

गिरण्या एकेक करून थांबत होत्या त्या दशकांत महाराष्ट्रात दुसरीकडे मनाच्या अभ्यासाची सोय होत होती. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरं सुरू झाली: मौन, आधी श्वासाकडे, मग शरीरावरच्या संवेदनांकडे पाहणं आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री. १९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्धाकडे वळलेल्या मराठी घरांना ही वाट आपली वाटली. पुढे शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’तून शाळांच्या वर्गांतही आनापान, म्हणजे श्वासाकडे पाहण्याचा सराव, पोचला. शिबिराला शुल्क नाही, हे विपश्यनेचं मोठेपण. पण हातावर पोट असलेल्याला दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची मजुरी. ज्यांना विसाव्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच शिबिर परवडेना.

तिकडे अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अशाच ध्यानसाधनेला दवाखान्याची शिस्त दिली. जुनाट दुखण्यानं बेजार झालेले रुग्ण आठवड्यातून एकदा जमायचे, असे आठ आठवडे. बाकीचा सराव घरी. धार्मिक चौकट बाजूला ठेवल्यानं हा ‘माइंडफुलनेस’, म्हणजे सजगतेचा सराव, पुढे जगभरच्या रुग्णालयांत, शाळांत, कचेऱ्यांत शिरला.

स्वतःवरच्या मायेचा धडा मात्र मराठी माणसाला ध्यानाआधी विचाराच्या वाटेनं मिळाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात रुजवला. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था सुरू केली आणि नाडकर्णींच्या ‘स्वभाव-विभाव’सारख्या पुस्तकानं तोच विचार घरोघरी नेला. एलिस यांचं सूत्र साधं होतं: कृतीचं मूल्यमापन करा, माणसाला गुण देऊ नका. नोकरी गेली हे खरं; म्हणून मी नालायक, हे खोटं. हा फरक नव्वदच्या दशकात गिरणीच्या फाटकाबाहेर कुणी समजावून सांगितला असता, तर?

२००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी स्वतःवरच्या या मायेची घडण तीन भागांत मांडली. स्वतःशी सौम्यपणे बोलायचं. जे भोगतोय ते आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेलं नाही, हे ओळखायचं. आणि दुःख दडपायचंही नाही, वाढवायचंही नाही; आहे तेवढं पाहायचं. सोलापूरच्या संदर्भात यातला दुसरा भाग सगळ्यात मोलाचा. गिरणी कामगार संघर्षाला एकत्र उभे राहिले होते. दुःखाला मात्र एकेकटे सामोरे गेले.

‘स्वतःचे लाड केले तर माणूस आळशी होईल’ हा आक्षेप इथे हमखास येतो. २०१२ मध्ये बर्कलीतल्या जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी तो तपासला. अवघड परीक्षेत अपयश आलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे करुणेनं पाहायला सांगितलं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःवर कोरडे ओढल्यानं माणूस सुधारतो, ही समजूत निदान तिथे टिकली नाही.

मग २०२० आलं. करोनाच्या टाळेबंदीत माग थांबले, विडी कारखाने बंद झाले, दाट वस्तीच्या पेठांत आजार शिरला. त्याच वर्षी ‘लोकसत्ता’त डॉ. यश वेलणकर ‘मनोवेध’ या सदरातून सजगतेची ओळख रोज सोप्या मराठीत करून देत होते. घाबरल्यावर छातीत, पोटात काय होतंय ते पाहणं, भावनेला नाव देणं, ती निवळेपर्यंत थांबणं, हे आता शिबिराला न जाता घरच्या घरी करता येण्याजोगं झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येतं.

या सगळ्यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, ही कौशल्यं मजुरीला पर्याय नाहीत. बंद गिरणी ध्यानानं उघडत नाही आणि विडी कामगार बाईची पाठ नुसत्या श्वासानं दुखायची थांबत नाही. ‘मन शांत ठेवा’ हा सल्ला हक्काच्या मागणीच्या जागी दिला गेला, तर ती फसवणूकच. तीव्र नैराश्यात औषध आणि डॉक्टर लागतातच. दुसरी गोष्ट, अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यालाही रात्री स्वतःबरोबरच झोपायचं असतं आणि तिथे लाजेचं ओझं उतरवायला शिकणं हाही हक्कच आहे.

सोलापूरचं पुढचं काम त्यामुळे ठरलेलं आहे. हे शिक्षण पूर्व भागात तेलुगूत, विजापूर रस्त्यावर कन्नडमध्ये, पेठांत उर्दूत आणि सगळीकडे मराठीत मिळायला हवं. दहा दिवसांच्या सुट्टीत नाही, तर जिथे विड्या मोजून दिल्या जातात तिथे, त्या रांगेत, पंधरा मिनिटांत. भोगणारे एकत्र बसले की नेफ यांचा दुसरा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.