विनोबांनी कुरआन कसे वाचले

रमजान हा कुरआनच्या अवतरणाचा महिना. मक्केजवळच्या हिरा गुहेत हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) जो पहिला संदेश मिळाला, त्याचा पहिला शब्द ‘इक्रा’ होता. इक्रा म्हणजे वाच. म्हणून या महिन्यात तरावीहच्या नमाजात कुरआन ऐकले जाते, घरोघरी त्याचे पठण चालते.

रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या विनोबा भावे यांनी हा ‘इक्रा’ मनापासून ऐकला होता.

विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळत नसे. आपल्याला समजेल अशी मराठी गीता तिला हवी होती. विनोबांनी ‘गीताई’ लिहिली ती १९३०-३१ मध्ये, तेव्हा आई हयात नव्हती. पण धर्मग्रंथ सामान्य माणसाच्या हाती द्यायचा, हे काम त्यांना आईकडून मिळाले ते कायमचे.

कुरआनच्या बाबतीत मात्र त्यांनी उलटी वाट धरली. आधी भाषांतर वाचले. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते अरबी शिकू लागले. घशातून येणारा ‘ऐन’, ‘क’चे दोन वेगळे उच्चार यांसाठी मदरशातल्या मुलांनाही किती घोकावे लागते, हे घरच्यांना ठाऊक असते. विनोबांनी ती मेहनत घेतली. श्रद्धावान माणूस ज्या भाषेत अल्लाहला आळवतो, त्याच भाषेत त्याचा ग्रंथ वाचायचा, असा त्यांचा आग्रह होता.

हा अभ्यास पुस्तकापुरता राहिला नाही. फाळणीत उखडल्या गेलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा वसवण्यासाठी १९४८ मध्ये ते त्यांच्यात जाऊन राबले.

१९६२ मध्ये त्यांचे ‘कुरआन-सार’ आले. त्यात निवडक आयती विषयवार मांडल्या आहेत. त्याच वर्षी ते पदयात्रेने पूर्व पाकिस्तानात जाणार होते. पुस्तक हाती पडण्याआधीच पाकिस्तानातून टीका झाली: बिगर-मुस्लिमाने कुरआनला हात का लावावा? तेव्हा भारतातील मुस्लिम वृत्तपत्रे विनोबांच्या बाजूने उभी राहिली.

ईश्वरी ग्रंथातून वेचे काढावेत का, ही शंका श्रद्धावानाला येणारच. ती गैर नाही. साराने मूळ ग्रंथाची जागा घेऊ नये. पण ज्याच्या घरात कुरआन कधी उघडलेच गेले नाही, त्याच्यासाठी हे सार म्हणजे शेजाऱ्याचा उंबरठा आहे. तो ओलांडला तर पुढचे घर दिसते.

असे उंबरठे विनोबांनी अनेक बांधले. धम्मपद, जपुजी, ख्रिस्तधर्म यांवर त्यांनी काम केले. जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्यांच्याच प्रेरणेने सिद्ध झाला. माणसांची मने जोडणे हेच आपले काम, असे ते सांगत.

आपल्याकडे इफ्तारला सगळे शेजारी येतात. खजूर, फळे, शिरखुर्मा यांची ओळख सर्वांना आहे. पण रोजा कशासाठी धरतात, हे विचारायला अनेकजण संकोचतात, आणि आम्हीही शेजारच्या घरातली ज्ञानेश्वरी कशाबद्दल बोलते ते विचारत नाही. ताटापर्यंत आलेली ही ओळख पुढे न्यायची तर एकमेकांचे पुस्तक उघडावे लागेल. ‘इक्रा’ हा शब्द सगळ्यांसाठीच आहे.