२५ हजार व्होल्टच्या तारेखाली

इ.स. १०६० चं शिवमंदिर पाहायला निघालेला भाविक अंबरनाथला लोकलमधून उतरतो, तेव्हा डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी असतात. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी आली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा डीसीकडून एसीकडचा बदल २०१५ मध्ये पुरा झाला. व्होल्टेज सुमारे १७ पट, म्हणून तेवढ्याच कामाला करंट कितीतरी कमी.

हे गणित विद्युत अभियंत्याला यावंच लागतं.

खरी परीक्षा मात्र रात्री तारेच्या कामासाठी घेतलेल्या पॉवर ब्लॉकमध्ये. सप्लाय बंद झाला म्हणजे तार मेली, असं नव्हे! शेजारच्या चालू मार्गामुळे तिच्यात व्होल्टेज निर्माण होतं. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड: आधी रुळाला क्लॅम्प, मगच तारेला हूक. काढताना क्रम उलटा.