पान पिवळं पडलं की आधी काय पाहावं?

गॅलरीतल्या कुंडीत मिरचीचं रोप हातभर वाढतं, फुलं धरतं आणि एका सकाळी त्याची खालची दोन पानं पिवळी दिसतात. रोप उपाशी आहे असं वाटून आपण खताचा डबा उघडतो. पण ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसंच पानाचं आहे. कारण कळेपर्यंत खत घालू नये. कमी पडलेलं खत उद्याही देता येतं, जास्त झालेलं सहज काढता येत नाही.

आधी माती पाहा. बोट दोन पेरं आत खुपसा. माती चिकचिकीत ओली असेल, तर दोष बहुधा पाण्याचा. मुळांनाही हवा लागते; सतत पाणी साचलं की ती गुदमरतात, कुजतात आणि मातीत अन्न असूनही ते वर जात नाही. कुंडीचं भोक मोकळं करा, माती वरून सुकेपर्यंत पाणी थांबवा.

माती ठीक असेल, तर कोणतं पान पिवळं आहे ते पाहा. नत्र कमी पडलं की रोप जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देतं. म्हणून खालची पानं सबंध पिवळी होतात. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. हेच चित्र शेंड्याच्या नव्या पानांवर दिसलं, तर लोह कमी पडतंय, कारण लोह जुन्या पानांतून नव्यात सहसा जात नाही. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं, की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. एखाददुसरं अगदी तळाचं पान गळणं मात्र वयाचंच असतं.

आता खत जास्त झाल्याच्या खुणा. पानांची टोकं आणि कडा करपतात, मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर धरतो आणि माती ओली असूनही रोप मान टाकतं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. खताचे क्षार साचले की मुळांची तीच गत होते. युरियात 46 टक्के नत्र असतं, त्यामुळे चमचाभर युरियाही लहान कुंडीला भारी पडतो.

असं झालं तर पांढरा थर खरवडून टाका. कुंडी सावलीत घेऊन, मातीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी हळूहळू ओता आणि ते खालून पूर्ण वाहून जाऊ द्या. ताटलीत साचलेलं पाणी फेका, नाहीतर क्षार पुन्हा वर चढतात. मग नवी वाढ दिसेपर्यंत कुठलंच खत नको. पुढे 19:19:19 सारखं विद्राव्य खत द्यायचं झालं, तर लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करा, तेही ओल्या मातीत. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याची वाट पाहू नका. रोज शेंडा बघा. तिथलं नवं पान स्वच्छ हिरवं निघालं, की मूळ सावरलं असं समजा.