आफ्रिकेतला नीलपंख



विजेच्या तारेवर गप्प बसणारा आपला नीलपंख तुम्ही पाहिलाच असेल. कोणी त्याला चास म्हणतात, कोणी नीलकंठ म्हणतात. बसला की मातकट दिसतो, पण उडाला की निळाच निळा! त्याचा एक चुलतभाऊ दूर आफ्रिका खंडात राहतो. तो याच्याहूनही रंगीत आहे. इंग्रजीत त्याचे नाव ‘लायलॅक-ब्रेस्टेड रोलर’, म्हणजे फिकट जांभळ्या छातीचा नीलपंख. त्याची माहिती मी आज सांगणार आहे.

कोठे राहतो?

भूगोलात आपण सॅव्हाना हा गवताळ प्रदेश शिकलो. तेथे दूरवर गवत आणि मधूनमधून काटेरी झाडे असतात. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच मोकळ्या रानात हा पक्षी राहतो. टांझानियातले सेरेंगेटी, केनियातले मसाई मारा, दक्षिण आफ्रिकेतले क्रुगर या राखीव रानांत तो हमखास दिसतो. दाट जंगल त्याला आवडत नाही.

रंगरूप

छाती फिकट जांभळी, पोट आकाशी, डोके हिरवट, पाठ तपकिरी आणि पंख गडद निळे. जणू कोणी रंगपेटीच सांडली! शेपटीला दोन लांब, बारीक पिसे असतात. शेपटीसकट त्याची लांबी सुमारे ३६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीपेक्षा जास्त. वजन मात्र साधारण १०० ग्रॅमच. नर आणि मादी सारखेच दिसतात.

शिकार कशी करतो?

उंच वाळक्या फांदीवर किंवा वारुळावर तो एकटा नाहीतर जोडीने बसतो आणि खाली टक लावून पाहतो. गवतात काही हलले, की झपकन खाली! नाकतोडे, भुंगे, गोम, विंचू, पाली हे त्याचे खाणे. मोठे भक्ष्य असेल तर ते फांदीवर आपटून आपटून मारतो आणि मग गिळतो. गवताला वणवा लागला की पुष्कळ पाखरे दूर पळतात. हा मात्र तिकडेच जातो, कारण आगीला भिऊन किडे बाहेर पडतात आणि याला आयते जेवण मिळते.

‘रोलर’ का म्हणतात?

विणीच्या दिवसांत नर उंच चढतो आणि डावीकडे-उजवीकडे अंग लोळवत सुसाट खाली येतो. पतंग गोता खातो ना, अगदी तसा. त्या लोळण्यावरून ‘रोलर’ हे नाव पडले. तेव्हा तो मोठ्याने ओरडतोही. रूप देखणे, पण गळा कर्कश!

घर

हा स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या झाडाची ढोली किंवा वारुळातले भोक शोधतो. मादी २ ते ४ पांढरी अंडी घालते. दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. सुमारे २२ ते २४ दिवसांनी पिल्ले निघतात. त्यांच्या अंगावर एकही पीस नसते. साधारण पाच आठवड्यांनी ती उडू लागतात. घरट्याजवळ ससाणा जरी आला, तरी आईबाप त्याच्या अंगावर धावून जातात.

पिसाचे गुपित

मला सर्वांत नवल वाटले ते हे. त्याच्या निळ्या पिसात निळा रंगच नसतो! पिसाच्या आत फार बारीक पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे उजेडातला निळा भाग तेवढा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. ते पीस कुटले तर निळेपणा जातो आणि मळकट भुकटी उरते. म्हणजे हा रंग कोणालाही काढून घेता येणार नाही. तो पाहायचाच रंग आहे.

आपण काय करावे?

दसऱ्याला नीलपंख दिसणे शुभ मानतात. म्हणून आपल्या देशात काही ठिकाणी लोक त्याला पकडून पिंजऱ्यात घालतात आणि पैसे घेऊन दाखवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. बांधलेला पक्षी पाहून कसले आले शुभ?

आफ्रिकेतला असो की आपला, दोघांनाही तीनच गोष्टी लागतात : मोकळे रान, किडे आणि ढोली असलेले जुने झाड. बांधावरचे वाळके झाड पाहून आपण म्हणतो, सरपणाला होईल. पालकांना माझी विनंती आहे, की तोडण्याआधी ढोलीत कोणाचे घर नाही ना, एवढे बघा. पिकावरचे नाकतोडे तो फुकट खातो. आणि मुलांनो, गलोलीचा नेम डब्यावर धरा, पाखरावर नको.

सांगा पाहू!
१. वणवा लागला की हा पक्षी तिकडे का जातो?
२. त्याला ‘रोलर’ का म्हणतात?
३. निळे पीस कुटले तर काय उरते?

– इयत्ता सातवी